बारा हजार मागूर

२० जुलै, रविवार

केदार सरांनी मासेपालनाच्या प्रशिक्षणात बजावलं होतं की रोज तीन गोष्टी लिहा. किती खाऊ घातलं, किती पाणी बदललं, किती मेली. ते मी गटाच्या रजिस्टरात लिहीनच. पण रजिस्टर अकरा जणी उलटून बघतात, त्यात मनातलं कसं लिहायचं? म्हणून ही वही. ही ट्रंकेत राहील, साड्यांच्या खाली.

तर आज आली एकदाची. ह्यांनी सकाळी नवीन जालन्याला स्टेशनवर पेट्या उतरवून घेतल्या आणि टेम्पोत मांडीवर धरून आणल्या. (सोमेश्वर हे नाव मी वहीतच घेते. जालन्याला बियाणाच्या गोदामात कामाला आहेत, शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात.) पिशव्या फुगलेल्या, आत नुसतं पाणी. शेजारची नंदाबाई, गटातलीच, ओरडलीच, "दैवशाला, फसवलं ग माय आपल्याला, रिकाम्याच हायेत!" मंग उजेडाला धरल्या तर जिऱ्याएवढे ठिपके वळवळत होते. मागूर माशाची बारा हजार पिल्लं. देशी मागूर, बंदी असलेला तो थाई नव्हे.

बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तिथं दोन हौद बांधून घेतलेत, एक मोठा, एक धाकटा. वीतभर पाणी, बुडबुड्यांची मोटर, वर टरपाल. पिल्लं निम्मी-निम्मी सोडली.

आता खरी गोष्ट. गावतळं बारा वर्षं ठेक्यानं अण्णासाहेबांकडे होतं. औंदा आम्ही अकरा बायांनी ग्रामसभेत भांडून मिळवलं. पण ठराव पक्का आहे. पंचवीस ऑगस्टपर्यंत तळ्यात निदान तीन हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडून दाखवायची. नाही जमलं तर तळं पुन्हा पाच वर्षं अण्णासाहेबांकडे. सर म्हणत होते, "ताई, तयार बोटुकली घ्या, एवढी बारीक पिल्लं जगवणं सोपं नाही." मीच अडून बसले. दहा जणींसमोर छाती ठोकून म्हणाले, मी वाढवते. बारा हजारांत तीन हजार न्हाई का जगणार?

बोलून तर बसले.

२३ जुलै

पिल्लांच्या पोटाखालची अन्नाची पिवळी थैली आज संपली. म्हणजे आता त्यांना बाहेरचं खाणं लागणार. सरांनी सांगितल्याप्रमाणे अंडं दुधात फेटून वाफवलं, पातळ फडक्यातून गाळलं आणि एकेक चमचा, दिवसातून पाच वेळा. सकाळी तळ्यावर जाऊन ओढणीनं पाण्यातले बारीक किडेही गाळून आणते. बाया हसतात. हसू द्या.

खाताना बघितलं मी त्यांना. एवढ्याशा तोंडाला मिशा आहेत! नंदानं आणि मी हौदावर ओणवं होऊन कितीतरी वेळ बघितलं. आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन या गल्लीत आलो, पण एवढ्या खूश एकत्र कधी झालो आठवत नाही.

२४ जुलै, अमावस्या

उद्यापासून श्रावण. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती, बघा माझी हुशारी!

आमच्याकडे श्रावणात अंडं-मटण घरात काय, अंगणातही येत नाही. मामांचं फार कडक आहे. मामा म्हणजे माझे सासरे, रामकिसन. अठ्ठ्याहत्तर वय. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून ओसरीवरच्या बाजेवर बसून असतात, बोलणं नाही, चालणं नाही. जेवा म्हटलं की जेवायचं. त्या माणसाला कसं सांगू की महिनाभर मी गोठ्यात अंडी उकडणार आहे?

संध्याकाळी त्यांनीच विचारलं. "ह्या पिल्लांचं खाणं काय ग?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "पीठ, मामा. गव्हाचं पीठ."

त्यांनी मान हलवली. समाधान वाटलेलं दिसलं. अंडी नंदाकडे ठेवायची, छोटा स्टोव्ह गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात न्यायचा, असं ठरलं. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडतंय.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

चांगलं चाललंय. मेली: मोठ्या हौदात चार, धाकट्यात दोन. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "वा ताई!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि आज नवल झालं. मामा बाजेवरून उठून गोठ्यात आले! काठी टेकत टेकत. पालथ्या बादलीवर बसले आणि हौदात बघत राहिले. मंग आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "माझी माय मला श्रावणात नदीवर न्यायची. कणकेच्या बारीक बारीक गोळ्या करून माशांना टाकायची. मुक्या जिवाला घातलेलं वर पोचतं म्हणायची." आणि हसले. दोन वर्षांनी हसले! मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं. ह्यांना फोन केला, ह्यांना पण गहिवरून आलं.

मासे जगोत न जगोत, हे एवढं झालं तरी मी भरून पावले. (खोटं लिहिलं. मासे जगलेच पाहिजेत.)

३१ जुलै

मोठ्या हौदात सदतीस मेली. पाण्याला आंबूस वास येतोय. तळाशी पांढरट, चिकट थर बसलाय. नळीनं ओढून काढला तर दुसऱ्या दिवशी परत होतोच.

सरांना फोन केला. ते म्हणे, "ताई, खाद्य जास्त होतंय. न खाल्लेलं तळाशी सडतं, त्यानं पाणी विषारी होतं. कमी करा." माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी मोजून चमचा घालते, चमचा! मी म्हटलं, "सर, तुम्ही तिथं पंख्याखाली बसून सांगून राह्यले, इथं येऊन बघा." फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. ते चांगले आहेत.

तरी निम्मं केलं. मामा ओसरीवर होते, त्यांच्यासमोरच मी बडबडत होते, "सायेब म्हणतेत कमी घाल. लेकरं अर्धपोटी ठिवायची का आता?"

मामा म्हणाले, "उपाशी न्हाई ठिवायचं कुणाला. श्रावणात तर बिलकुल न्हाई."

त्यांना काय सांगणार मी.

२ ऑगस्ट, शनिवार

सहाशे.

 चाळणीत घेतली की चिमूटभर ओले तीळ सांडल्यासारखी दिसतात. निम्मं खाऊ घालून कितीतरी पट मेली, हे कसं काय? धाकट्या हौदातही तोच वास सुरू झालाय. दिवसातून दोनदा पाणी बदलते. विहिरीचं पाणी, रात्रभर ठेवलेलं, सगळं बराबर. फडकं उकळून घेतलं. स्टोव्हची भांडी वेगळी केली. अजून काय करू?

हे आले. हौदाकडे बघितलं. मंग म्हणाले, "अजून येळ हाये, तयार पिल्लं मागवू." मी म्हणाले, पुन्हा बोलू नका. गटाकडे पुन्हा पैसे मागायला कोणत्या तोंडानं जाऊ?

आणखी एक. गेल्या आठवड्यातच दळण आणलं होतं, पिठाचा डबा निम्म्यावर आलाय. घरात खाणारे दोघं. दुपारी मी कापसात खुरपायला जाते तेव्हा हौदावर नजर टाकायला फक्त नंदा येते, गोठ्याची एक किल्ली तिच्याकडे असते, एक घरात. नको ते मनात येतंय. जाऊ दे.

४ ऑगस्ट

आज डोळ्यांनी बघितलं. एक मोठं पिल्लू दुसऱ्याला शेपटीकडून गिळत होतं. अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि बाहेरचं अर्धं अजून हलत होतं. सर म्हणाले, भूक लागली आणि लहान-मोठी एकत्र राहिली की हे होतं, मोठी वेगळी काढा. चाळणीनं वेगळी केली, मोठी मोठ्या हौदात, लहान धाकट्यात. चार तास लागले. कंबर मोडली.

देवा, मी ह्या पिल्लांना उपाशी मारून राह्यले का जास्त खाऊ घालून मारून राह्यले? एक काहीतरी सांग.

आज मामांनी विचारलं, "आज किती गेली?" मी म्हणाले वीस-पंचवीस. सातशे म्हणून कसं सांगू? ते रोज गोठ्यात येऊन बसतात आता. चेहऱ्यावर तजेला आलाय. त्यांचं मन मोडायला नको.

६ ऑगस्ट, बुधवार

मोठा हौद गेला. सगळा.

दुपारी शेतातून आले तर पाण्यावर पांढरी साय आणि सायीखाली सगळी पोटं वर. वास असा की गोठ्यात उभं राहवेना. मी हात घालून ढवळत राहिले, एखादं हलतंय का, एखादं तरी. चांगली वाढलेली होती ती, अर्ध्या-अर्ध्या बोटाएवढी झाली होती. तीच तळ्यात जाणार होती.

तेवढ्यात नंदा आली. आणि माझं डोकंच फिरलं.

मी म्हणाले, "तू काय घालतीस ग माझ्या माघारी हौदात?"

ती म्हणाली, "काय बोलून राह्यलीस? मी येते तवा पाणी आधीच पांढरं असतंय. परवा तुला सांगितलं न्हाई का?"

"तुझा नवरा अण्णासाहेबाचं तळं राखत व्हता. मला काय कळत न्हाई? आन् पीठ? डबा खाली कोण करून राह्यलं माझा?"

गल्ली गोळा झाली. नंदा पांढरीफटक पडली. तिनं कमरेची गोठ्याची किल्ली काढली, हौदाच्या कठड्यावर ठेवली, आणि एवढंच म्हणाली, "पिठाची चोरी घातलीस माझ्यावर. पिठाची."

मामा ओसरीवरून बघत होते. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.

७ ऑगस्ट

नंदा आली नाही. धाकट्यात दोनशे मेली.

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

ओवाळून घ्यायला भाऊ आला, मी धड बोललेही नाही त्याच्याशी.

धाकट्या हौदात अंदाजे अठराशे उरलीत. अठराशे! ठराव तीन हजारांचा. तरी मनात येतं की सरपंचबाई बाईमाणूस आहेत, अठराशे धडधाकट दाखवली तर महिनाभर वाढवून देतील. एवढ्याच आशेवर उठते. अंडं आता दिवसाला दोनच चमचे. तरी तळाशी पांढरं. माझे हातच विषारी आहेत का काय असं वाटायला लागलंय, खरंच. आज तर साबणानं तीनदा धुतले.

मामांनी ह्यांना सांगितलं, "जालन्याहून येताना जरा चांगला गहू आण. हितला लई कोंड्याचा हाये." ह्यांना नवल वाटलं, बाबा खाण्याचं कधी बोलत नाहीत. मला बरं वाटलं. भूक लागायला लागली म्हणायची.

११ ऑगस्ट, सोमवार

लिहिता येत नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

बारा वाजता खुरपं तुटलं म्हणून शेतातून घरी आले. गोठ्याचं दार लोटलेलं. आतून कुणाशी तरी बोलण्याचा आवाज. दाराच्या फटीतून बघितलं.

मामा पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर पितळी परात, परातीत कणकेचा गोळा. चष्मा कपाळावर सारून, दोन बोटांनी कणकेच्या बाजरीएवढ्या गोळ्या करत होते आणि हौदात सोडत होते. "खा, लेकरांनो खा. जल्दी खा, तुमची माय शेतात गेली. तिला सायबाचं भ्या वाटतंय. मी हाये ना."

परात निम्मी रिकामी झाली होती. म्हणजे किलोभर तरी. रोज.

मला पाहून ते दचकले नाहीत. उलट हसले. "आलीस? मी म्हणलं, तुझं पीठ कमी पडून राह्यलंय, म्हून मरतेत. दुपारी मी घालतो. सोमवारपासून घालून राह्यलो, त्या पहिल्या सोमवारपासून. तुला सांगणार व्हतो, पण पुण्याचं सांगू न्हाई म्हणतेत."

मी दाराला धरून खाली बसले.

"ऊन लागलं का ग?" मामा म्हणाले आणि उठून मला पाणी आणायला गेले. दोन वर्षांत हा माणूस स्वतःसाठी पाणी घ्यायला उठला नव्हता.

पाणी प्याले. आणि भांडं त्यांच्या हातात परत दिलं.

१२ ऑगस्ट

कसं सांगू? तुम्ही मारलीत, असं? मी सांगितलं म्हणून तर त्यांनी केलं. मी म्हणाले पीठ खातात. मी म्हणाले उपाशी आहेत. मीच.

सकाळी मी एवढंच म्हणाले, "मामा, सायेब म्हणले आता मोठी झाली, पीठ बंद करायचं. तुमी नका घालू." पुन्हा खोटं. ते म्हणाले, "बराबर हाये, त्येंना जास्त कळतं." परात घासून फळीवर ठेवली त्यांनी. दिवसभर बाजेवर बसून होते.

संध्याकाळी नंदाकडे गेले. ती भाकरी थापत होती, मागं वळलीच नाही. मी सगळं सांगितलं, रडत सांगितलं. मला वाटलं होतं ती उठून जवळ घेईल. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "गल्लीसमोर बोललीस ना? मंग गल्लीसमोरच माघारी घे. हितं चुलीपाशी न्हाई."

मी म्हणाले, "गल्लीत मामा हायेत ग."

ती म्हणाली, "मी बी गल्लीतच राहते."

१७ ऑगस्ट

पाच दिवसांत फक्त चाळीस मेली. पाणी निवळलंय. वास गेला. सरांना पिठाचं सगळं सांगितलं, ते म्हणाले, आता जगतील ती जगतील, पण कणकेच्या पाण्यानं आधीच अशक्त झालीत, पचतंय-न पचतंय. बरोबरच बोलले. अठराशे माझा अंदाज होता. आज चाळणीनं नीट मोजली तर हजारही नाहीत. एकमेकांना खाऊन बसलीत.

रोज मनात तेच. तळ्यावर पंचवीस तारखेला सगळं गाव असणार. नंदाचं नाव धुवायचं तर पिठाचं बोलावंच लागेल. पिठाचं बोलले की मामांना कळणार. मामांना घरी कसं ठेवता येईल? ह्यांना म्हटलं त्या दिवशी त्यांना जालन्याला घेऊन जा, डोळे दाखवायला. हे म्हणाले बघतो.

२४ ऑगस्ट

मामा जालन्याला जायला तयार नाहीत. "माझी पिल्लं तळ्यात सोडणार आन् मी डोळे दाखवत फिरू व्हय?" माझी पिल्लं म्हणाले.

२५ ऑगस्ट, सोमवार

सरपंचबाई, ग्रामसेवक, अण्णासाहेब, गटाच्या दहाही जणी. नंदा सगळ्यांत मागं. मामा स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून काठावर पुढंच उभे.

ग्रामसेवकांनी टबात मोजली. मगानं काढून, दहा-दहा करून. सातशे चाळीस.

 दीपमाला, आमच्यातली सर्वांत धाकटी, तिनं पदर तोंडात धरला. अण्णासाहेबांनीसुद्धा हसून घेतलं नाही, म्हणाले, "पोरींनी मेहनत केली, व्हतं असं." ते ऐकून जास्त झोंबलं. सरपंचबाईंनी विचारलं, "दैवशाला, एवढी कशानं गेली? ठरावात कारण लिहावं लागंल."

मी नंदाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तळ्याकडे बघत होती. मंग मामांकडे बघितलं. ते टबात वाकून पिल्लं बघण्यात गुंगले होते.

मी म्हणाले, "पीठ जास्त झालं. हौदात पीठ कुजलं, त्यानं पाणी नासलं. मी नंदावर आळ घेतला, पिठाच्या चोरीचा बी घेतला, गल्लीसमोर घेतला. तिनं काय बी केलं न्हाई. पीठ माझ्या हातून पडलं. चूक माझी."

ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. सातशे चाळीस तळ्यात सोडायची का, हे विचारलं तर अण्णासाहेब म्हणाले, सोडा, तळं आता माझंच आहे, वाढतील. सोडली. काळ्या रेघेसारखी गेली आणि दिसेनाशी झाली. पाच वर्षं. नंदा जाताना माझ्याजवळ थांबली, खांद्यावर हात ठेवते की काय असं वाटलं, पण नुसती थांबली आणि गेली. तेवढंच तिनं देऊ केलं, तेवढंच माझ्या वाट्याचं होतं.

मी वळून बघितलं तेव्हा मामा टबापासून उठले होते. माझ्याकडे बघत होते.

घरी आलो. जेवायला वाढलं. मामांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"तू तर चमचा-चमचा घालीत व्हतीस," ते म्हणाले. "पीठ तुझ्या हातून कवा पडलं?"

मी त्यांच्या ताटात भाजी वाढली.

"आन् चमच्यात काय व्हतं ग? पिठानं मरतेत, मंग तू काय घालीत व्हतीस?"

"अंडं, मामा."

मला वाटलं आता ताट भिरकावतील. शिव्या देतील. देवघरासमोर बसून राहतील. त्यातलं काहीच झालं नाही.

"तुझी सासू बी ह्याच गोठ्यात उकडायची," मामा म्हणाले. "सोमेश्वर दोन वर्साचा व्हता, पाय धरंना, डाक्टरनं अंडं सांगितलं. श्रावणच व्हता. तिला वाटायचं मला ठावं न्हाई. मी गोठ्याकडं जातच नव्हतो त्या येळंला, तिला भ्या वाटाया नगं म्हून." मंग थांबले. "मला इचारायचं व्हतंस पोरी. मीच आणून दिली असती."

मी त्यांचा पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

"एकूण किती मेली?" त्यांनी विचारलं.

आजवर मी त्यांना वीस सांगितली, पंचवीस सांगितली. आज आकडा सांगितला. अकरा हजार दोनशे साठ.

ते ताटासमोर तसेच बसले, स्वतःच्या हाताची बोटं उघडून बघत.